बौद्ध साधनेतलं शरीर: संशोधनाला सुरुवात कुठून करावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पाली विषयात एम.ए. झालं आहे आणि पीएच.डी.साठी ‘बौद्ध साधना आणि शरीर’ हा विषय घ्यायचा आहे. एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी सांगितलं की बुद्धांच्या शिकवणीत शरीर म्हणजे अशुचीची पिशवी, त्यात संशोधन करण्यासारखं काही नाही. विचारणाऱ्याने स्वतः विपश्यनेची शिबिरंही केली आहेत. तो अनुभव प्रबंधात वापरता येईल का, हा प्रश्नाचा दुसरा भाग.

मी पाली वाङ्मय शिकवते, आणि विहारांत, साधकांच्या घरी जाऊन त्यांच्याशी बोलण्याचं कामही बरीच वर्षं करते आहे. म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

विषय उत्तम आहे, पण तुम्ही घेतलेलं शीर्षक पाच प्रबंध पोटात घेईल एवढं मोठं आहे. ‘बौद्ध धर्मात शरीराला काय स्थान आहे?’ असं विचारलं की उत्तर एका वाक्यात येतं, आणि ते वाक्य फार काळ टिकत नाही. कोणतं शरीर, कोणाचं, कोणती साधना करणारं, कुठल्या काळातलं आणि कोणाच्या सांगण्यावरून, हे ठरवल्याशिवाय पुढे जाऊ नका. तुमच्या प्राध्यापकांचं म्हणणं ग्रंथात सापडतं, हे खरं आहे. पण ते ज्या ग्रंथात सापडतं त्याच ग्रंथात त्याच्या शेजारी आणखी काय आहे ते पाहू.

मज्झिम निकाय या बुद्धांच्या उपदेशांच्या पाली संग्रहातलं दहावं सुत्त, सतिपट्ठान, पुन्हा एकदा पाठांतरासाठी नव्हे तर मोजणीसाठी वाचा. कायानुपस्सनेचे, म्हणजे शरीराच्या निरीक्षणाचे, एकूण 14 भाग येतात: श्वास, चालणं-उभं राहणं-बसणं-पडणं हे चार इरियापथ (शरीराच्या स्थिती), रोजच्या हालचालींतलं संपजञ्ञ (पूर्ण जाणीव), शरीराचे घटक, चार धातू, आणि स्मशानातल्या प्रेताच्या नऊ अवस्था. संपजञ्ञाच्या भागात हात आखडणं-पसरणं, चीवर नेसणं, खाणं, पिणं, चावणं, चाखणं, मलमूत्र विसर्जन, झोपणं, बोलणं, गप्प बसणं हे सगळं आहे. यात किळस कुठेही नाही. घटकांच्या भागात ‘नाना प्रकारच्या अशुचीने भरलेलं’ असे शब्द येतात खरे, पण लगेच दिलेली उपमा दोन्ही बाजूंनी तोंड असलेल्या धान्याच्या पिशवीची आहे. डोळस माणूस ती उघडतो आणि म्हणतो, ही साळ, हे मूग, हे उडीद, हे तीळ. धान्य वेगवेगळं ओळखणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर तिरस्कार असण्याचं काही कारण नाही. अशुचीचा शब्द आणि धान्याची उपमा एकाच परिच्छेदात शेजारी ठेवलेली आहेत. या दोन्हींचं नातं काय, हा माझ्या मते एका अख्ख्या प्रकरणाचा विषय आहे.

इथेच थांबू नका. या सुत्ताच्या समांतर आवृत्त्या चिनी भाषेत आहेत, मध्यम आगम आणि एकोत्तर आगम या संग्रहांत. मध्यम आगमाचं भाषांतर इ.स.च्या 4थ्या शतकाच्या अखेरीस झालं. भिक्खू अनालयो यांनी या तीन आवृत्त्या ओळीने मांडून दाखवलं आहे की शरीराचे घटक, धातू आणि कुजणारं प्रेत हे तीनच भाग तिन्हींत समान आहेत. ज्या श्वासापासून आज जवळजवळ प्रत्येक शिबिर सुरू होतं, तो एकोत्तर आगमातल्या कायानुपस्सनेत नाही. यावरून ‘मूळ साधना कोणती’ असा निकाल देण्याची घाई करू नये. पण एवढं नक्की कळतं की शरीराकडे पाहण्याच्या पद्धतींची यादी पाठागणिक बदलत होती, आणि बदल करणाऱ्यांना तसं करण्याची काही कारणं होती. पुण्याला अशा तुलनेची जुनी परंपरा आहे. पु. वि. बापट यांनी 1937 साली विमुत्तिमग्ग आणि विसुद्धिमग्ग या साधनेवरच्या दोन जुन्या ग्रंथांचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला, तोही चिनी पाठ हाताशी घेऊन. धर्मानंद कोसंबींनी विसुद्धिमग्गाचं संपादन केलं आणि कम्मट्ठानांवर (ध्यानाच्या विषयांवर) मराठीत ‘समाधिमार्ग’ लिहिलं. मराठीत लिहिणार असाल तर परिभाषेसाठी आधी कोसंबी वाचा. आज आपण अडखळत शोधतो ते बरेचसे शब्द त्यांनी शंभर वर्षांपूर्वी घडवून ठेवले आहेत.

आता ज्या कथेमुळे मला हा विषय एवढा गंभीर वाटतो ती कथा. विनयपिटकात, म्हणजे संघाच्या शिस्तीच्या ग्रंथात, तिसऱ्या पाराजिकेच्या (संघातून कायमचं बाहेर काढणाऱ्या अपराधाच्या) निमित्ताने आणि संयुत्त निकायातल्या आनापान संयुत्तातही ती येते. वेसालीच्या महावनात बुद्ध भिक्खूंना अशुभ भावनेचं, म्हणजे शरीराच्या अशुचीवरच्या ध्यानाचं, महत्त्व सांगतात आणि पंधरा दिवस एकांतात जातात. भिक्खू त्या साधनेत इतके बुडतात की त्यांना स्वतःच्या शरीराची असह्य घृणा येते, आणि अनेकजण जीव देतात किंवा दुसऱ्याकरवी घेववतात. बुद्ध परत येतात, संघ विरळ झालेला दिसतो, आनंदाला कारण विचारतात. आनंद म्हणतो, भिक्खूंना दुसरा काही मार्ग सांगावा. तेव्हा आनापानसती, म्हणजे श्वासावरचं ध्यान, शिकवली जाते, आणि तिचं वर्णन येतं उन्हाळ्याच्या शेवटच्या महिन्यात उडालेली धूळ खाली बसवणाऱ्या अवकाळी ढगाचं.

अट्ठकथेला, म्हणजे पाली ग्रंथांवरच्या जुन्या टीकेला, या कथेचा ताण जाणवला आणि तिने पूर्वकर्माचं स्पष्टीकरण दिलं. काही आधुनिक अभ्यासक कथा प्रक्षिप्त मानतात. ऐतिहासिक घटना म्हणून ती सिद्ध करण्याची मला गरज वाटत नाही. माझ्या दृष्टीने मोलाचं हे आहे की शरीराच्या साधनेने माणूस मोडू शकतो, ही जाणीव परंपरेने स्वतःच्या शिस्तीच्या ग्रंथात नोंदवून ठेवली, लपवली नाही. 2017 साली ब्राउन विद्यापीठातल्या जेरेड लिंडाल आणि विलोबी ब्रिटन यांच्या गटाने पाश्चात्य बौद्ध साधकांच्या मुलाखतींवरून साधनेत येणाऱ्या कठीण अनुभवांचं वर्गीकरण प्रसिद्ध केलं: सात क्षेत्रं, 59 प्रकार, आणि त्यात शरीराचं स्वतंत्र क्षेत्र. वेदना, कंप, अंगातून वीज गेल्यासारखं वाटणं, झोप उडणं. त्या शोधनिबंधाशेजारी वेसालीची कथा ठेवून वाचा. ग्रंथ आणि क्षेत्रकार्य यांना जोडणारा धागा तुम्हाला तिथे मिळेल, आणि तो कृत्रिम वाटणार नाही.

कोणाचं शरीर, हा प्रश्न मी मुद्दाम वेगळा काढते, कारण याच ठिकाणी बहुतेक प्रबंध घसरतात. सुत्तातल्या घटकांच्या यादीला लिंग नाही. केस, लोम, नखं, दात, त्वचा कोणाचेही. पण पुढच्या कथावाङ्मयात घृणेचा विषय म्हणून जे शरीर समोर ठेवलं जातं ते वारंवार स्त्रीचं असतं. धम्मपद अट्ठकथेतली सिरिमेची गोष्ट घ्या. राजगहाची देखणी गणिका मरते, प्रेत काही दिवस तसंच ठेवलं जातं, आणि मग हजार मोलाची ही स्त्री कोणाला हवी अशी दवंडी दिली जाते. किंमत उतरत उतरत फुकटावर येते, तरी कोणी पुढे होत नाही. पाहणारे भिक्खू शिकतात, सिरिमा मात्र बोलत नाही. लिझ विल्सन यांनी 1996 साली अशा कथांवर सविस्तर लिहून या विषयाची दिशाच बदलली.

पण त्याच परंपरेत थेरीगाथा, म्हणजे भिक्खुणींच्या गाथांचा संग्रह, आहे. गणिकेची भिक्खुणी झालेली अंबपाली स्वतःच्या म्हाताऱ्या शरीराबद्दल स्वतः बोलते: भुंग्यांसारखे काळे केस आता तागाच्या सालीसारखे झाले, आणि मग डोळे, नाक, कान, दात, आवाज, मान, दंड, असं अवयवामागून अवयव. प्रत्येक गाथेचा शेवट एकच, सत्यवादीचं वचन अन्यथा होत नाही. इथे पाहणारी आणि पाहिली जाणारी एकच आहे. मला ही गाथा शिकवताना अजूनही थांबावं लागतं. सिरिमा आणि अंबपाली या दोघींना ‘बौद्ध धर्मातलं स्त्रीशरीर’ अशा एका मथळ्याखाली कोंबू नका.

जातीबद्दलही तसंच. वासेट्ठ सुत्तात बुद्ध गवत, झाडं, किडे, चतुष्पाद, साप, मासे, पक्षी यांच्यातली अंगावर दिसणारी भेदाची खूण सांगतात, आणि मग माणसाचे केस, डोकं, कान, डोळे, तोंड, नाक, ओठ, भुवया मोजत म्हणतात की माणसांत जन्माची तशी खूण नाही. शरीराच्या अवयवांची ही दुसरी यादी आहे, आणि तिचा उपयोग अशुभ भावनेहून पूर्णपणे वेगळा आहे. महाराष्ट्रातल्या संशोधकाने या दोन याद्या शेजारी ठेवल्या नाहीत तर कोण ठेवणार? अर्थात विनयात असंही आहे की कुष्ठ, गंड (गळू), किलास (त्वचारोग), क्षय आणि अपस्मार असलेल्यांना प्रव्रज्या (संघप्रवेश) देऊ नये. वैद्य जीवकाकडे उपचार मिळावेत म्हणून लोक संघात येऊ लागले, तेव्हा हा नियम झाल्याची कथा विनयातल्या महावग्गात आहे. आणि त्याच महावग्गात अतिसाराने घाणीत पडलेल्या भिक्खूला बुद्ध आणि आनंद आपल्या हातांनी धुतात, आणि बुद्ध म्हणतात, ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने आजाऱ्याची करावी. एक परंपरा, तीन शरीरं. सगळं एका सूत्रात बसवण्याचा मोह टाळा. विसंगती जशी आहे तशी वाचकासमोर ठेवणं हेही संशोधनच आहे.

साधना म्हणजे डोळे मिटून बसणं, हा समज आपल्या काळाचा आहे. विनयातले 75 सेखिय (वागणुकीच्या शिस्तीचे) नियम वाचा: चीवर चारी बाजूंनी नीट नेसावं, गावात खांदे हलवत चालू नये, जेवताना चपचप आवाज करू नये, सुरसुर ओढत पिऊ नये. शेकडो वर्षं बहुसंख्य भिक्खूंच्या शरीराला घडवलं ते या नियमांनी. 1934 साली मार्सेल मोस यांनी फ्रान्समध्ये दिलेल्या व्याख्यानात मांडलं होतं की चालणं, पोहणं, बसणं या नैसर्गिक वाटणाऱ्या गोष्टी समाज शिकवतो. सैद्धांतिक चौकट म्हणून तेवढं एक व्याख्यान नीट पचवलंत तरी चालेल. प्रस्तावात दहा पाश्चात्य विचारवंतांची नावं ओळीने लावली की परीक्षकाला फक्त एवढंच कळतं की एकही नीट वाचलेला नाही.

आता शिबिरांकडे येते. गोएंका गुरुजींच्या परंपरेत पहिले तीन दिवस आनापान, चौथ्या दिवसापासून डोक्यापासून पायापर्यंत मन फिरवत संवेदनांचं निरीक्षण. महासी सयाडॉ यांच्या परंपरेत पोटाचं वर येणं-खाली जाणं आणि अतिशय संथ चंक्रमण (चालत केलेलं ध्यान). दोन्ही ब्रह्मदेशातून आलेल्या, दोन्ही सतिपट्ठानाचाच आधार सांगणाऱ्या, आणि तरी दोन्हींत शरीर वेगळ्या जागी हाती लागतं. सामान्य गृहस्थांनी मोठ्या संख्येने ध्यानाला बसणं ही गोष्टही मुख्यतः गेल्या दीडशे वर्षांतली. ब्रह्मदेशात ब्रिटिश सत्ता आल्यावर बुद्धशासन, म्हणजे बुद्धांची शिकवण, टिकवण्याच्या चिंतेतून लेडी सयाडॉ (1846–1923) यांनी गृहस्थांना अभिधम्म आणि ध्यान शिकवायला जोर लावला. त्या परंपरेत उ बा खिन आले, त्यांच्याकडून सत्यनारायण गोएंका. ते 1969 साली भारतात आले आणि इगतपुरीला 1976 साली धम्मगिरी सुरू झालं. हा इतिहास सांगितला की काही साधकांना वाटतं आपण साधनेला नवी म्हणून कमी लेखतो आहोत. तसं मुळीच नाही. एखादी पद्धत कशी घडली हे सांगणं आणि ती खरी की खोटी हे ठरवणं ही वेगळी कामं आहेत. धर्माच्या अभ्यासकाचं काम पहिलं.

म्हणून तुमच्या अनुभवाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. अनुभव वापरा, पण पुरावा म्हणून नाही. तुम्हाला शिबिराच्या आठव्या दिवशी अंगभर जो प्रवाह जाणवला असेल त्यावरून इ.स.पूर्व काळातल्या भिक्खूला काय जाणवत होतं ते सिद्ध होत नाही. रॉबर्ट शार्फ यांनी 1995 साली हाच आक्षेप कडक शब्दांत घेतला: ध्यानाच्या जुन्या ग्रंथांना आत्मानुभवाच्या नोंदी समजून वाचणं ही आधुनिक सवय आहे. त्यांचा निष्कर्ष मला थोडा टोकाचा वाटतो, कारण ग्रंथांत अनुभवाची भाषा आहेच. पण सावधगिरी पूर्ण योग्य आहे. तुमच्या अनुभवाचा खरा उपयोग प्रश्न विचारताना होतो. अधिष्ठानाच्या तासात मांडी न हलवता बसल्यावर गुडघ्यात काय होतं हे माहीत असलेली व्यक्ती साधकाला जे विचारेल ते बाहेरच्याला सुचणार नाही. ‘तेव्हा तुम्ही मनात स्वतःला काय सांगत होता?’ या एका प्रश्नावर मला तासतासभर उत्तरं मिळाली आहेत.

शिबिराचं मात्र कधीही गुपचूप क्षेत्रकार्य करू नका. तिथे लिहिणं-वाचणं बंद ठेवलेलं असतं आणि सगळे आर्यमौनात असतात. लोक विश्वासाने रडतात, थरथरतात, कोसळतात. शेजारच्या आसनावरच्या माणसाचं रडणं टिपून प्रबंधात घालणं हा विश्वासघात आहे, नाव बदललं तरी. साधकांना शिबिर संपल्यावर काही आठवड्यांनी भेटा, हेतू सांगा, लेखी संमती घ्या, आणि मध्येच नको वाटलं तर थांबण्याची मोकळीक द्या. कोणी झोप उडाल्याचं, भीती बसल्याचं सांगितलं तर मुलाखत बाजूला ठेवा आणि त्या व्यक्तीला आधी मदत मिळेल असं पाहा. विद्यापीठाच्या आचारसमितीकडे जाताना या गोष्टी लिहून न्या.

प्रयोगशाळेतल्या मोजमापांबद्दल एवढंच सांगते की मूळ शोधनिबंध वाचल्याशिवाय एकही आकडा वापरू नका. तुम्मो या शरीरात उष्णता जागवणाऱ्या तिबेटी साधनेवर हर्बर्ट बेन्सन यांच्या गटाचा 1982 सालचा प्रसिद्ध अभ्यास आहे. ‘भिक्खू शरीराचं तापमान 8 अंशांनी वाढवतात’ असं त्यावरून सर्रास लिहिलं जातं. वाढ 8.3 अंशांपर्यंत होती ती हातापायांच्या बोटांची, आणि साधक होते तीन. मारिया कोझेव्निकोव्ह यांच्या गटाने 2013 साली बगलेतलं तापमान मोजलं तेव्हा ते 38.3 अंशांपर्यंत गेलेलं आढळलं. श्वासाची क्रिया आणि मनातली ज्वालेची प्रतिमा यांचा वाटा वेगळा करण्याचा त्यांनी प्रयत्न केला, आणि मला तो भाग आकड्याहून मोलाचा वाटतो. मृत्यूनंतरच्या तुकदम अवस्थेत (साधक मेल्यावरही ध्यानात आहे असं तिबेटी परंपरा मानते ती अवस्था) मेंदूच्या विद्युत लहरी आढळल्या नाहीत, हा 2021 साली प्रसिद्ध झालेला निष्कर्षही असाच वाचावा. त्यावरून तिबेटी समाजाला त्या देहाभोवती जे दिसतं आणि जे करावंसं वाटतं, त्याचा अभ्यास संपत नाही.

आणि आता जे मला तुमच्याकडून सर्वांत जास्त हवं आहे ते. आपल्या दारातलं साहित्य बघा. भाजे इथे चौदा दगडी स्तूपांचा समूह आहे आणि काहींवर थेरांची, म्हणजे ज्येष्ठ भिक्खूंची, नावं कोरलेली आहेत. कान्हेरीला विटांच्या स्तूपांची ओळ सापडली आणि तिथले थेरांचे लेख शोभना गोखले यांनी वाचले. अनित्य म्हणून ज्या देहाकडे पाहायला शिकवलं, त्याच देहाचे अवशेष संघाने एवढ्या निगुतीने जपले. ग्रेगरी शोपेन यांनी 1991 साली दाखवून दिलं की अभ्यासक ग्रंथाला धर्म समजले आणि दगडविटांकडे पाठ फिरवली. कार्ल्याच्या चैत्यगृहात खांबांच्या मागून जाणारी प्रदक्षिणेची वाट चालून पाहा. स्तूप उजव्या हाताला ठेवून, अंधारातून, ठरलेल्या गतीने शरीर कसं फिरावं हे त्या बांधणीने ठरवून टाकलेलं आहे.

तसंच आजचं विहार. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला बाबासाहेबांनी दीक्षा घेतली आणि दिली, तेव्हा लाखो माणसांनी उभं राहून, हात जोडून त्रिशरण-पंचशील आणि 22 प्रतिज्ञा म्हटल्या. ज्या शरीरांचा स्पर्श विटाळ मानला गेला, ज्यांना 1927 साली महाडच्या तळ्याचं पाणी ओंजळीत घेण्यासाठी लढावं लागलं, ती शरीरं त्या दिवशी पांढऱ्या कपड्यांत एकत्र उभी होती. ही बौद्ध साधना आहे, आणि धर्माभ्यासाच्या पुस्तकांत ‘साधना’ या प्रकरणात ती क्वचितच येते. राजकारण किंवा समाजशास्त्र या प्रकरणात तिची रवानगी होते. आजही विहारात गेलात तर पाहण्यासारखं पुष्कळ आहे: वंदनेला कोण गुडघे टेकतं, कोण नुसते हात जोडतं, पंचांग प्रणाम भंतेंना करायचा की फक्त मूर्तीला, याबद्दल काय बोललं जातं, गुडघेदुखीमुळे खुर्चीवर बसणाऱ्या आजींची जागा कुठे असते, श्रामणेर शिबिरात मुलाचं मुंडण होताना आई काय करते. ध्यानाला बसण्याने अन्यायाविरुद्ध उभं राहण्याची धार बोथट होते का, हा वाद आंबेडकरी समाजात मोकळेपणाने चालतो. तोही शरीराबद्दलचाच वाद आहे, कारण बसलेलं शरीर आणि मोर्च्यात चालणारं शरीर यांपैकी धम्म कुठे आहे हे तिथे विचारलं जातं. मी ज्यांच्याशी बोलले त्यांतल्या अनेकांना दोन्ही हवं आहे, आणि ते दोन्ही करतातही.

म्हणून माझा सल्ला असा. मूळ शीर्षक सोडा. एक सुत्त आणि एक ठिकाण निवडा. उदाहरणार्थ, कायगतासती सुत्त (शरीराबद्दलच्या सजगतेचं सुत्त) आणि एखाद्या शहरातल्या दोन-तीन विहारांतली ज्येष्ठ स्त्रियांची साधना: वंदना, उपोसथ, ध्यान, आजारपण, सगळं धरून. आजी अंबपालीची गाथा ऐकून काय म्हणतात ते विचारा, त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या, आणि मग अट्ठकथा उघडा. पहिलं वर्ष पाली पाठांवर आणि आचारसमितीच्या मंजुरीवर जाऊ द्या, क्षेत्रकार्य दुसऱ्या वर्षी, तेही एका वर्षावासाला धरून, म्हणजे आषाढ पौर्णिमेपासून तीन महिने एकाच जागी राहता येईल. प्राध्यापकांना प्रस्ताव दाखवताना वेसालीची कथा आणि वासेट्ठ सुत्त यांच्या पाली उताऱ्यांच्या प्रती सोबत न्या. ‘शरीर अशुचीची पिशवी’ हे त्यांचं वाक्य खोडू नका. त्या वाक्यानंतर ग्रंथ पुढे काय म्हणतो, एवढंच वाचून दाखवा.